भांडवलशाही संपवता येते का, संपवावी का? नागपुरात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाचपावलीत एका मित्राच्या घरी आम्ही काही जण दर रविवारी वाचायला बसतो. मागच्या तान्ह्या पोळ्याला मारबत-बडग्यांची, म्हणजे गावातली पीडा घालवायला जाळतात त्या पुतळ्यांची, मिरवणूक पाहून आलेल्या एका पोराने विचारलं, "काका, महागाईचा बडग्या आपण दरवर्षी जाळतो. 'घेऊन जा गे मारबत' म्हणत भांडवलशाहीच एकदाची गावाबाहेर का नाही नेऊन जाळत?" त्या दिवशी बाकी वाचन झालंच नाही. तेव्हापासून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र मांडतो आहे.

माझी बाजू आधीच सांगतो. भांडवलशाही संपवायला हवी आणि ती संपवता येते, असं मी मानतो. पण ती एका फटक्यात संपत नाही, आणि मालकाच्या खुर्चीत सरकारला बसवून तर मुळीच संपत नाही.

भांडवलशाही म्हणजे बाजारच ना? मग बाजार बंद करायचा का?

नाही. निम्मी भांडणं याच गोंधळातून होतात, म्हणून हे आधी सोडवू. बाजार इतवारीत भोसल्यांच्या काळापासून आहे. भांडवलशाही नंतर आली.

आमच्या गल्लीत एक म्हातारे कोष्टी होते. खड्ड्यातला माग, पायाखाली पावड्या, हातात धोटा. तरुणपणी ते सूत स्वतः विकत आणत, लुगडं विणत आणि गांधीबागेच्या कापडबाजारात नेऊन विकत. भाव पडला तर झळ त्यांना, चढला तर दोन पैसे त्यांचेच. पुढे सूत महागलं, उधारी वाढली. मग शेठ सूत पोहोचवू लागला आणि तयार लुगडी मोजून नेऊ लागला. आजोबांच्या हाती उरली मजुरी. माग तोच, घर त्यांचंच, काठावरची नक्षीही तीच. पण कोणत्या रंगाची किती लुगडी विणायची, काम कधी थांबवायचं, हे ठरवणारा माणूस आता दुसरा होता. काठात एक धागा चुकला की मजुरी कापली जायची, आणि किती कापायची तेही शेठच ठरवायचा. बाजार दोन्ही वेळी होता. भांडवलशाही दुसऱ्या वेळी होती.

म्हणजे उत्पादनाची साधनं, कच्चा माल किंवा ग्राहकापर्यंतची वाट मोजक्यांच्या हाती असते. उरलेल्यांना श्रम विकल्याशिवाय जगता येत नाही. आणि काय, किती, कुठे बनवायचं हे नफ्याकडे पाहून ठरतं. या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की तिला मी भांडवलशाही म्हणतो. कोपऱ्यावरचा तर्रीपोहेवाला भांडवलदार नाही. त्याचा गाडा काढून घ्यायची माझी इच्छाही नाही.

नागपुरात ती आली कधी?

रेल्वे १८६७ मध्ये आली. त्याच दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. मग १ जानेवारी १८७७ रोजी जमशेटजी टाटांनी इथे एम्प्रेस मिल सुरू केली. मुंबई सोडून नागपूर निवडण्यामागे हिशेब होता: कापूस दाराशी आणि रेल्वे हाताशी. पेन्शन फंड, अपघाताची भरपाई अशा काही गोष्टी त्या गिरणीत कायद्याने सक्ती होण्याच्या आधी सुरू झाल्या, हे नोंदवायलाच हवं. चांगला मालक असतो. प्रश्न चांगल्या-वाईट मालकाचा नाही. आज तिच्या जागेवर मॉल आणि रहिवासी इमारती उभ्या आहेत.

तिने एवढी प्रगती केली, मग ती संपवावी का?

प्रगती केली, खरं आहे. स्वस्त कापड, रेल्वे, औषधं, मोबाइल. एक गोष्ट तर आपल्याकडे विसरली जाते. गावात वेठ आणि बलुत्यात अडकलेल्या महार माणसाला गिरणीने रोख पगार दिला, वस्ती दिली, आणि त्या वस्त्यांमधूनच आंबेडकरी चळवळीला कार्यकर्ते मिळाले. भांडवलशाहीने जात मोडली नाही. मुंबईच्या गिरण्यांत अस्पृश्यांना विणकाम खात्यात घेत नसत, कारण तिथे धागा तोंडाने ओढावा लागे. पण गावाबाहेर पडायची एक वाट तिने उघडली, हे कबूल केलं पाहिजे.

तरीही संपवावी असं मी का म्हणतो, ते बाबांच्या गोष्टीवरून सांगतो. माझे बाबा एका गिरणीत ३१ वर्षं रिंग खात्यात, म्हणजे सूतकताईत, होते. आधी बदली कामगार, मग कायम. नुसत्या आवाजावरून कोणत्या साच्याची चाती बिघडली ते सांगायचे. बंदची नोटीस निघाली ती फाटकावर चिकटवून. पहिल्या पाळीची माणसं सायकली हातात धरून उभी होती, आणि ज्यांना वाचता येत नव्हतं त्यांच्यासाठी बाबा ती मोठ्याने वाचत होते. "व्यवस्थापनाने निर्णय घेतला आहे" या ओळीशी ते थांबले. मग तीच ओळ पुन्हा वाचली. त्या दिवशी डबा तसाच घरी आला. आईने उघडला तर भाकरी सकाळच्याच घडीत होती.

गिरणी तोट्यात असेलही. तिचा हिशेब मी पाहिलेला नाही, आणि बाबांनाही कुणी दाखवला नाही. त्रास त्याचाच होता. ३१ वर्षांत त्यांना एकदाही कुणी विचारलं नाही की नवी यंत्रं घ्यायची की नाही, उधारी कशी फेडायची, बंद करायची की अर्ध्या पाळीवर चालवायची. मत देऊन सरकार बदलण्याचा हक्क त्यांना होता. पण आयुष्याचे दिवसाचे आठ तास जिथे गेले, तिथे बोलण्याचा हक्क नव्हता. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी हाच विरोधाभास सांगितला होता: राजकारणात प्रत्येकाला एक मत आणि प्रत्येक मताला सारखं मोल, पण सामाजिक आणि आर्थिक जीवनात ते मोल नाकारलेलं. भांडवलशाही संपवणं म्हणजे मला हा विरोधाभास संपवणं वाटतं.

"भाऊ, मालकच नसन तं पगार कोन देईन?"

आज तरी कोण देतो? पैसा ग्राहकाकडून येतो, मालकाच्या हातातून फिरतो आणि त्यातला काही भाग पगार होऊन खाली येतो. सुरुवातीचं भांडवल आणि जोखीम मालकाची असते, हे मान्य. पण तेवढ्यासाठी पुढच्या पन्नास वर्षांचे सगळे निर्णय त्याच्याच हाती असावेत, हे कुठून आलं?

कामगारच मालक असलेले उद्योग आहेत आणि ते चालतात. कॉफी बोर्डाने आपली कॉफी हाउसं बंद करायला घेतली, तेव्हा १९५७ पासून कामगारांनीच सहकारी संस्था काढून ती चालवली. डोक्याला तुरेदार फेटा बांधून कॉफी आणणारा माणूस त्या संस्थेचा सभासद असतो. केरळमधल्या उरालुंगलच्या मजुरांनी १९२५ साली संस्था काढली आणि आज ती मोठमोठे रस्ते-पूल बांधते. स्पेनच्या बास्क भागातल्या मोंड्रागॉनची सुरुवात १९५६ ची. आज तिथे हजारो माणसं स्वतःच्या मालकीच्या कारखान्यांत काम करतात. २०१३ मध्ये त्यांचा घरगुती उपकरणांचा कारखाना, फागोर, दिवाळखोरीत गेला, पण तिथल्या बऱ्याच सभासदांना बाकीच्या संस्थांनी सामावून घेतलं. बाबांच्या फाटकापाशी असं सामावून घेणारं कुणी नव्हतं.

इथे कुणीतरी हमखास म्हणतं, "सहकार तर आपण पाहिलाय की." पाहिलाय. विदर्भात सहकारी सूतगिरण्या निघाल्या, बँका निघाल्या, आणि किती बुडाल्या हे सभासदांना ठाऊक आहे. कागदावर हजारो मालक आणि प्रत्यक्षात एक अध्यक्ष, अशी संस्था सहकारी नसते. काम करणारा सभासद नसतो आणि सभासद आमसभेत तोंड उघडत नाही, तिथे नाव बदलतं, सत्ता बदलत नाही.

मग सगळं सरकारच्या ताब्यात द्यावं?

हा प्रयोग आपल्या घरातच झालेला आहे आणि तो नीट आठवायला हवा. महाराष्ट्रात १९७२ पासून कापूस एकाधिकार खरेदी योजना होती. शेतकऱ्याने कापूस खाजगी व्यापाऱ्याला विकायचाच नाही, तो फक्त सरकारी केंद्रावर द्यायचा. हेतू चांगला होता. व्यापारी काट्यावर मारत होता, कट्टी लावत (वजनात कापून घेत) होता, हंगामात भाव पाडत होता. त्याला बाजूला सारून हमी भाव द्यायचा आणि कापूस विकून जास्त आले तर तेही शेतकऱ्याला द्यायचे. अनेक वर्षं याचा आधार मिळाला, हे जुने शेतकरी आजही सांगतात.

बिघडलं कुठे? केंद्रावर गाड्यांच्या रांगा लागत आणि शेतकरी दोन-दोन रात्री गाडीखाली झोपे. ग्रेड लावणारा ग्रेडर हाच नवा शेठ झाला. चुकारे महिनोन्‌महिने अडकत. शेजारच्या राज्यात भाव जास्त असला की इथला कापूस रात्रीतून सीमा ओलांडे. इथला भाव जास्त असला की तिकडचा कापूस इकडे येई. बाजाराकडे न पाहता भाव जाहीर होत गेले आणि तोटा साचत गेला. शेवटी २००२ मध्ये खाजगी खरेदी पुन्हा खुली झाली. हिंगणघाटकडच्या एका शेतकऱ्याने मला एका वाक्यात सांगितलं: "व्यापाऱ्याशी भांडता तरी येत होतं, ग्रेडरशी कोन भांडन?"

कोळशाचंही पाहा. कोकिंग कोळशाच्या खाणी १९७२ मध्ये आणि बाकीच्या १९७३ मध्ये सरकारने घेतल्या. वेस्टर्न कोलफील्ड्सचं मुख्यालय आपल्याच शहरात आहे. खाजगी खाणमालकांच्या काळापेक्षा पगार आणि सुरक्षितता सुधारली, आणि मी ते परत द्या म्हणणार नाही. पण खाण कुठे खणायची हे कामगारही ठरवत नाहीत आणि ज्याची जमीन जाते तो गावही ठरवत नाही. कोराडी-खापरखेड्याची राख ज्यांच्या अंगणात पडते, त्यांना ते वीजकेंद्र सरकारी आहे याने काय फरक पडतो?

तरी पाणी, दवाखाना, शाळा या गोष्टी बाजारात असूच नयेत, असं माझं ठाम मत आहे. ज्याच्याकडे पैसे नाहीत त्याची तहान बाजाराला दिसत नाही. तिथे सार्वजनिक मालकी हवीच, फक्त तिचा हिशेब वस्तीसमोर उघडा हवा.

रशिया आणि चीनमध्ये करून पाहिलं, काय झालं?

माणसं मेली. १९३२-३३ चा सोव्हिएत दुष्काळ आणि १९५८ नंतरचा चीनमधला महादुष्काळ, पहिल्यात लाखोंनी आणि दुसऱ्यात कोटींनी मेली, आणि दोन्हींत सरकारने धान्य उचलून नेलं हे एक मोठं कारण होतं. डाव्या मित्रांनी या प्रश्नावर विषय बदलू नये. वरचा माणूस चुकला तर त्याला चुकलास म्हणायची सोय तिथे ठेवलीच नव्हती. १९७८ मध्ये चीनच्या शियाओगांग गावातल्या १८ कुटुंबांनी लपूनछपून जमीन आपसांत वाटून घेतली, कारण सामूहिक शेतीत पोट भरत नव्हतं. ज्या क्रांतीत शेतकऱ्याला असा करार चोरून करावा लागतो, ती त्याची उरलेली नसते.

मग बंदुकीने संपवायची?

नाही. गडचिरोलीत नक्षलवाद्यांचं ते चाळीसहून अधिक वर्षं चाललं. त्यांच्या दलममधला (सशस्त्र तुकडीतला) मेला तो आदिवासी, पोलिसातला मेला तो पुष्कळदा आदिवासी, आणि खबऱ्या म्हणून ज्याला मारलं तोही आदिवासीच.

बाबासाहेब भांडवलशाहीच्या विरोधात होते की बाजूने?

दीक्षाभूमीच्या शहरात हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि उत्तर स्पष्ट आहे. १९३८ च्या फेब्रुवारीत मनमाडला रेल्वे कामगारांच्या परिषदेत त्यांनी कामगारांचे दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. एकाशी लढून दुसरा संपत नाही, म्हणून दोन्ही.

१९४७ साली संविधान सभेसाठी केलेल्या निवेदनात तर त्यांनी पूर्ण आराखडाच दिला. मूलभूत आणि कळीचे उद्योग राज्याच्या मालकीचे, विमा राज्याचा आणि प्रत्येकाला सक्तीचा, शेती हा राज्याचा उद्योग, जमीन गावकऱ्यांना जात-धर्म न पाहता सामूहिक पद्धतीने कसायला. ज्यांची मालकी जाईल त्यांना कर्जरोख्यांच्या रूपात भरपाई. आणि हे सगळं संविधानातच लिहायचं, म्हणजे पुढच्या निवडणुकीतलं बहुमत ते पुसू शकणार नाही. त्यात एक विचार मला फार मोलाचा वाटतो. राज्याने आर्थिक व्यवहारात हात घालू नये म्हणजे स्वातंत्र्य टिकतं, असं म्हणणाऱ्यांना ते विचारतात की हे स्वातंत्र्य कोणाचं? जमीनदाराचं खंड वाढवण्याचं आणि भांडवलदाराचं कामाचे तास वाढवण्याचं.

ते निवेदन स्वीकारलं गेलं नाही. त्याचे काही अंश मार्गदर्शक तत्त्वांत राहिले. १९५६ च्या नोव्हेंबरमध्ये, नागपूरच्या दीक्षेनंतर सव्वा महिन्याने, काठमांडूला ते बुद्ध आणि मार्क्सवर बोलले. शोषण संपवण्याचं ध्येय त्यांना दोघांतही दिसलं. हिंसा आणि हुकूमशाहीचा मार्ग त्यांनी नाकारला. माझं मत या दोन गोष्टींच्या मधेच उभं आहे, फक्त राज्याच्या मालकीवर त्यांच्याइतका माझा विश्वास नाही. त्यांनी १९४७ मध्ये लिहिलं, मी कापसाच्या रांगा पाहून लिहितो आहे.

नागपूर तर संघाचं शहर. इथे हा विषय कोण ऐकणार?

पुष्कळ जण ऐकतात. १९५५ मध्ये भारतीय मजदूर संघ काढणारे संघाचे प्रचारक दत्तोपंत ठेंगडी आपल्या शेजारच्या आर्वीचे, आणि ते साम्यवादाइतकीच भांडवलशाहीही नाकारत. सेवाग्रामला गांधीजी १९३६ मध्ये राहायला आले. त्यांचा विश्वस्ताचा विचार सांगतो की संपत्ती मालकाची नाही, तो तिचा सांभाळणारा. शंभर किलोमीटरच्या आत आंबेडकर, गांधी, ठेंगडी अशा तीन वेगळ्या वाटा निघाल्या आणि एकीनेही भांडवलशाहीला आदर्श मानलं नाही. विश्वस्ताच्या विचाराबद्दल माझी तक्रार एवढीच, की मालक चांगला निघेल यावर तो उभा आहे.

संविधान याला परवानगी देतं का?

बऱ्याच अंशी. अनुच्छेद ३९ सांगतो की साधनसंपत्तीची मालकी सगळ्यांच्या हिताची होईल अशी विभागली जावी आणि संपत्ती मूठभरांकडे साचू नये. 'समाजवादी' हा शब्द १९७६ मध्ये उद्देशिकेत आला. मालमत्तेचा हक्क १९७८ च्या घटनादुरुस्तीने मूलभूत हक्कांतून निघाला, तरी अनुच्छेद ३००-अ प्रमाणे कायद्याशिवाय कुणाची मालमत्ता घेता येत नाही. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने बहुमताने सांगितलं की प्रत्येक खाजगी मालमत्ता ही समाजाची भौतिक साधनसंपत्ती ठरत नाही. मला त्यात वावगं वाटत नाही. कुणाचं दोन खोल्यांचं घर हा माझ्या लढ्याचा विषय नाही.

शेतकरी तर खुला बाजार मागतो. त्याचं काय?

शेतकरी संघटनेच्या शरद जोशींनी आयुष्यभर हेच सांगितलं, की सरकारने शेतकऱ्याचा भाव पाडला. त्याला बाजाराचं स्वातंत्र्य द्या. त्यांचं निदान बरोबर होतं. निर्यातबंदी लागली की कांद्याचं काय होतं ते सगळ्यांना दिसतं. पण काटोलचा संत्रावाला आंबिया बहार झाडावर असतानाच वाडीचा सौदा करतो, इसार (आगाऊ रक्कम) घेतो, कारण कर्जाचा हप्ता आलेला असतो. व्यापारी थांबू शकतो, तो थांबू शकत नाही. ज्याला "नाही" म्हणायची सोय नाही, त्याला बाजार खुला असून किती उपयोग? शीतगृह, प्रतवारी आणि गाडी शेतकऱ्यांच्या कंपनीची असेल, तर तोच बाजार त्याला वेगळा दिसेल.

सुधारणा करत राहिलो तर संपवायची गरजच काय?

पहाटे कळमन्याच्या बाजारात जाऊन बघा. पोत्यात हूक अडकवून पाठीवर घेणारा हमाल, मानेवर घडी केलेलं बारदान, आणि फळीवरून ट्रकमध्ये चढताना मोजून टाकलेलं पाऊल. १९६९ च्या माथाडी कायद्याने अशा माणसासाठी मंडळ आणलं. नोंदणीकृत मालकाने मजुरी आणि वर लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने हमालाला पगार, भविष्य निर्वाह निधी, बोनस द्यायचा. त्याचा एक मालक नाही, तरी त्याला हक्क आहेत. ही सुधारणा आहे, आणि माझ्या दृष्टीने भांडवलशाही संपण्याचा एक तुकडाही आहे, कारण मजुरी किती आणि केव्हा हे एकट्या व्यापाऱ्याच्या हातातून निघालं. ज्या सुधारणेने निर्णयाचा वाटा सरकतो ती पुढे नेते. दिवाळीला मिठाईचा डबा मिळाला तर वाटा सरकत नाही.

डिलिव्हरी करणारा पोरगा तर स्वतःच्या गाडीचा मालक आहे. तो कामगार कसा?

कोष्टी आजोबा आठवा. मागही त्यांचाच होता. धरमपेठेत रात्री अकराला उभ्या असलेल्या पोराची गाडी त्याची, पेट्रोल त्याचं, पडला तर हाडही त्याचं. पण ग्राहकापर्यंतची वाट अ‍ॅपच्या मालकीची आहे आणि दर कधी बदलला ते त्याला फोनवरच कळतं. राजस्थानने २०२३ मध्ये अशा कामगारांसाठी वेगळा कायदा केला. माथाडी कायदा करणाऱ्या महाराष्ट्राला हे अवघड जाऊ नये.

आपल्याकडे हे कुठे करून दाखवलंय का?

गडचिरोलीतलं मेंढा (लेखा). छोटं गोंड गाव. घोषणा सगळ्यांना पाठ आहे: दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार. वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये त्यांना सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, २०११ मध्ये बांबूच्या वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले, आणि २०१३ मध्ये गावाने आपल्या जमिनी ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे केल्या. निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. एकाचाही विरोध असेल तर विषय पुढच्या बैठकीत. बांबू विकतात तो बाजारातच. नागपूरसारख्या लाखोंच्या शहरात हीच पद्धत जशीच्या तशी चालेल, असं मी म्हणत नाही. पण "लोकांना जमत नाही" हे म्हणणं मेंढ्याने खोटं पाडलं आहे.

मी एकटा नागपुरात काय करू?

तुम्ही कोणत्या ना कोणत्या पतसंस्थेचे, गृहनिर्माण संस्थेचे किंवा कर्मचारी सोसायटीचे सभासद असालच. वार्षिक आमसभा ३० सप्टेंबरच्या आत होते, आणि नोटीस १४ दिवस आधी मिळायला हवी. बहुतेक लोक सही करतात, नाश्ता घेतात आणि निघतात. या वर्षी अहवाल आधी मागून घ्या. ताळेबंदातलं थकीत कर्जाचं पान उघडा, सगळ्यात मोठ्या पाच कर्जदारांची रक्कम विचारा, आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या. आकडे समजले नाहीत तर अहवाल घेऊन रविवारी या, सोबत बसून वाचू.